कलम पाठ झालं, पुढं काय?

एकांनी लिहिलंय की एमबीबीएसच्या पोरांकडून भारतीय दंड संहितेचं कलम ८४ (मनोविकारामुळे आपलं कृत्य न कळणाऱ्याला गुन्ह्यातून सूट देणारं) पाठ करून घेतलं की न्यायवैद्यक मानसोपचार, म्हणजे कोर्टकचेरीशी संबंधित मानसोपचार, शिकवून संपला. अहो, १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेचं कलम २२ झालंय! मजकूर जवळपास तोच, सोडा.

खरी गोची पुढंच आहे. आजार असणं वेगळं आणि त्यापायी, कृत्य करताना, आपण काय करतोय किंवा ते चूक आहे हे न कळणं वेगळं. फाइलला स्किझोफ्रेनियाचं निदान लागलं म्हणून कुणी आपोआप सुटत नाही.

आपल्याकडं शिकवायचं तर असं समजा: बेळगावच्या हिंडलगा जेलमधून तपासणीला आणलेला कैदी, गाव खानापूरकडचं. बोलणार मराठीत, पोलिसांचे कागद कन्नडात, डॉक्टरचं सर्टिफिकेट इंग्रजीत. ‘शेजारी तारेतून माझ्या डोक्यात बोलतोय’ असं तो म्हणाला, तर तेच वाक्य जसंच्या तसं उतरवायचं. नुसतं ‘भ्रम आहेत’ लिहिलं की वकील फाडून खातो. घटनेनंतर तो पळाला, कोयता लपवला, की तिथंच बसून राहिला, हेही विचारायचं. कोर्ट आधीचं-नंतरचं वागणं बघतं.

आणि गुन्ह्याच्या वेळची मनःस्थिती व आज खटला समजायची क्षमता, हे दोन प्रश्न पोरं हमखास एकात कालवतात. त्यासाठी लेक्चर नको, बेळगाव कोर्टातला एखादा वकील बोलवून वर्गातच उलटतपासणी घ्या की!