कातळावरच्या डबक्यांचं पाणी मोजायला काय घ्यावं? (बजेट ३,०००)

सडेकरीण:
एमएस्सीचा प्रोजेक्ट आहे. रत्नागिरीजवळच्या सड्यावर (जांभ्या दगडाच्या कातळपठारावर) पावसात भरणारी २० डबकी निवडली आहेत. एकात फेअरी श्रिम्प (कोळंबीसारखे इवले जीव) भरपूर, चार पावलांवरच्या दुसऱ्यात एकही नाही, तिथे नुसते ऑस्ट्राकॉड (दोन शिंपांतले बारीक जीव). पाण्यात काय फरक आहे ते बघायचंय. पीएच पेन घ्यायचं मनात आहे. कोणता घेऊ?

खेकडा_७७:
मल्टिपॅरामीटर घ्या. पीएच, ईसी (पाण्याची वीजवाहकता, म्हणजे क्षार किती त्याचा अंदाज), ऑक्सिजन, तापमान सगळं एकात. २२ हजारांचा आहे माझ्याकडे, पाच पावसाळे झाले, कुरकुर नाही.

सडेकरीण:
तीन हजार हो, तीन.

निर्मळपाणी:
पीएच पेन सगळ्यात शेवटी. जांभ्यावरचं पाणी म्हणजे जवळपास पावसाचंच, त्यात क्षार नगण्य. इलेक्ट्रोड लवकर स्थिरावत नाही, आकडा सरकतच राहतो. त्यात शेवाळ असेल तर उन्हात ते कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं आणि सकाळी ६.५ असलेला पीएच दुपारी ९ पर्यंतही चढतो. वीस डबकी फिरेपर्यंत चार तास जातील. मग दिसणारा फरक डबक्यांचा की उन्हाचा?
ईसी पेन घ्या, १ मायक्रोसिमेन्सपर्यंत दाखवणारा. कॅलिब्रेशन ८४ मायक्रोसिमेन्सच्या द्रावणाने करा, १४१३ च्या नाही. मग आधी त्याच डबक्याच्या पाण्याने दोनदा विसळा, मगच त्यात पाणी घ्या, आणि जीव पकडायची जाळी फिरवायच्या आधी मोजा, नंतर गाळ उठतो.

टीडीएस_तात्या:
आरओवाल्यांकडे असतो तो टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) पेन, ३०० रुपये. विषय संपला.

निर्मळपाणी:
तात्या, तो पेनही ईसीच मोजतो आणि ०.५ ने गुणून दाखवतो. काही ०.७ ने. कशाने ते डबीवर क्वचितच लिहिलेलं असतं.

टीडीएस_तात्या:
तुलनाच करायची ना? एकाच पेनने वीसही मोजायची.

निर्मळपाणी:
ईसी ३० असो की ३१, पेनवर दोन्हीकडे १५च दिसू शकतं. करा तुलना.

खेकडा_७७:
म्हणूनच मल्टिपॅरामीटर म्हणत होतो.

शिंपली:
कॅल्शियमबद्दल कुणीच बोलत नाहीये. फेअरी श्रिम्पला कवच नसतं. ऑस्ट्राकॉडच्या दोन्ही शिंपा कॅल्साइटच्या, आणि प्रत्येक कात टाकल्यावर नव्या शिंपेसाठी कॅल्शियम पाण्यातूनच घ्यावं लागतं. जांभ्यात ते मुळात कमी. मत्स्यालयवाल्यांचं जीएच (पाण्याचा एकूण कठीणपणा) किट आणा. ५ मिलि नमुन्यात रंग बदलेपर्यंत टाकलेला किटचा एक थेंब म्हणजे १७.८ मिग्रॅ/लि. कठीणपणा, इथे फार ढोबळ. नमुना २५ मिलि घ्या, थेंबाला ३.६ पडेल. रंग फिका दिसतो, खाली पांढरा कागद धरा. यात मॅग्नेशियमही धरलं जातं, एवढं ध्यानात ठेवा.

पाणकावळा:
ईसी पेनला +१. ८४ चं द्रावण विसरू नका.

ओंजळ:
५० रुपयांची स्टीलची पट्टी घ्या. प्रत्येक डबक्याची सगळ्यात खोल जागा ठरवा, काठावर ऑइलपेंटचा ठिपका द्या आणि दर दोन दिवसांनी खोली लिहा. फेअरी श्रिम्पची अंडी सुक्या गाळात टिकतात, ताजं, कमी क्षारांचं पाणी भरलं की फुटतात. पाणी महिनोन्‌महिने राहिलं की चतुराच्या अळ्या आणि पाठीवर पोहणारे पाणकिडे येतात आणि त्यांचा फडशा पाडतात. ते दुसरं डबकं पावसाने उघडीप दिली तरी आटत नसेल, बघा.

पाणकावळा:
ऑइलपेंट? त्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत! आधी नीट बघा, मगच ठिपका.

ओंजळ:
काठावर म्हटलंय. शिल्पावर कोण देतंय?

पाणकावळा:
गवत वाढलं की कळत नाही, म्हणून म्हटलं.

खेकडा_७७:
ऑक्सिजनचं काय? पहाटे मोजला नाही तर...

सडेकरीण:
सगळ्यांचे आभार. पीएच पेन मागवला. 🙈 प्रोजेक्टच्या तक्त्यात पीएचचा रकाना छापलेलाच आहे, रिकामा ठेवला तर मॅडम सही करणार नाहीत. पट्टी घरात आहे. उरलेल्या पैशांत जीएच किट.

निर्मळपाणी:
बरं. प्रत्येक आकड्याशेजारी वेळ लिहा, आणि पेनचं टोक ३ मोलर केसीएलमध्ये (पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात) ठेवा, डिस्टिल्ड वॉटरमध्ये नको.

टीडीएस_तात्या:
३०० रुपये.