मदत हवी आहे : एअर सस्पेंशनची गाडी रात्रीतून मागच्या डाव्या बाजूला बसते

नमस्कार,

माझ्याकडे सात आसनांची जुनी डिझेल एसयूव्ही आहे. पुढे नेहमीच्या कॉइल स्प्रिंग आणि मागच्या दोन्ही चाकांवर हवेचे रबरी फुगे आहेत; मागे माणसे किंवा सामान वाढले की हाइट सेन्सर ते ओळखतात, कॉम्प्रेसर हवा भरतो आणि गाडी समपातळीत येते. गेल्या पावसाळ्यापासून मात्र संध्याकाळी सरळ उभी केलेली गाडी सकाळी डावीकडे इतकी बसलेली असते की मागच्या टायरचा वरचा भाग मडगार्डमध्ये दडतो. उजवी बाजू जागच्या जागी असते.

पूर्वी इंजिन सुरू केले की गाडी लगेच उचलली जात असे. आता कॉम्प्रेसर बराच वेळ घरघरतो, मध्येच थांबतो आणि निवल्यावर पुन्हा चालू होतो. गळती भरून काढताना तो तापत असावा. फ्यूज ठीक आहे, रिले नवा बसवला आहे, आणि गाडी समपातळीत असताना स्कॅनरवर दोन्ही सेन्सरचे आकडे जवळपास सारखे येतात.

साबणाच्या पाण्याच्या चाचणीतून मात्र स्पष्ट उत्तर मिळाले नाही. चाक जॅकवर लोंबकळत असताना डाव्या फुग्यावर एकही बुडबुडा आला नाही. (जॅक लावण्यापूर्वी लेव्हलिंग बंद केले होते, तसे न केल्यास यंत्रणा गाडी उंच झाली असे समजून हवा सोडू लागते.) गाडी रॅम्पवर, चाकांवर उभी असताना पाणी फवारले, तेव्हा फुगा पिस्टनवर (फुग्याखालच्या नळकांड्यासारख्या बैठकीवर) जिथे दुमडतो त्या घडीत बारीक फेस जमला, पण इतका सावकाश की एवढ्या गळतीने गाडी रात्रीत बसेल का, हे ठरवता येत नाही. व्हॉल्व्ह ब्लॉकमधला (दोन्ही फुग्यांची हवा सोडणाऱ्या-अडवणाऱ्या व्हॉल्व्हच्या संचातला) डावा व्हॉल्व्ह नीट मिटत नसेल तरीही हेच लक्षण दिसू शकते.

एका वर्कशॉपने फुगे, कॉम्प्रेसर आणि व्हॉल्व्ह ब्लॉक असे सगळेच बदलायला सांगितले. निदानाआधी एवढा खर्च करणे मला पटत नाही. मागे कॉइल स्प्रिंग बसवण्याचा पर्यायही नको, कारण आईवडिलांना आणि सामानाला घेऊन खंबाटकी घाट चढताना ह्या यंत्रणेचा खरा उपयोग होतो.

म्हणून व्हॉल्व्ह ब्लॉकवरच्या डाव्या-उजव्या नळ्यांची अदलाबदल करून गाडी रात्रभर उभी ठेवावी, असा विचार आहे : उजवी बाजू बसली तर दोष व्हॉल्व्हचा, डावीच बसली तर फुग्याचा किंवा नळीचा. परंतु अदलाबदलीनंतर कंट्रोल युनिट डावीकडे हवा भरायला जाईल आणि उजवा फुगा फुगेल. स्कॅनरवरून एकेक फुगा स्वतंत्रपणे भरून नंतर फ्यूज काढून ठेवला, तर ही चाचणी सुरक्षित ठरेल का? कोणी केली असल्यास कृपया क्रम सविस्तर सांगावा.

फुगाच दोषी निघाला तर दोन्ही बदलेन, कारण रबर एकाच वयाचे आहे. पण कॉम्प्रेसर नुसते ड्रायरमधले (हवेतला ओलावा शोषणारे) सिलिका जेल आणि त्याच्या स्वतःच्या पिस्टनची रिंग बदलून वाचतो का? नाना पेठेत चौकशी केली, तेथे मला पूर्ण कॉम्प्रेसरच दाखवण्यात आला. पुण्यात किंवा पिंपरी-चिंचवडमध्ये असे दुरुस्तीचे काम करणारे कोणी माहीत असल्यास तेही कळवावे.