जाहिरात दाखवा, पण पिच्छा काहून करता?

धरमपेठवाला:
मागच्या आठवड्यात आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनबद्दल रात्री दोन वेबसाइट चाळल्या. सकाळी स्कोअर पाहाले गेलो तर तिथं गुडघ्याचे पट्टे, रेसिपी उघडली तर तिथंही पट्टे, अन् आई बाजूलेच बसून स्क्रीन पाहून राहिली होती, तिले ऑपरेशनचं सांगितलंच नव्हतं अजून. त्याच दिवशी फायरफॉक्स ब्राउझर टाकलं, त्यात जाहिराती अन् माग काढणारे अडवणारा ब्लॉकर, युब्लॉक ओरिजिन, लावला. बातमीचं एक पान उघडलं तर अडवलेल्याचा आकडा पन्नाशीच्या पुढे! क्रोमनं 2020 मधे थर्ड पार्टी कुकी, म्हणजे एका वेबसाइटवरून दुसरीवर आपला माग ठेवणाऱ्या बारक्या फायली, बंद करतो म्हटलं, तारखा ढकलत ढकलत 2024 मधे बेतच बदलला. सफारीनं 2020 मधेच बंद केल्या, म्हणजे जमते न. सगळ्यांनी ब्लॉकर लावाच.

इतवारी साडीवाला:
भाऊ, आईचं वाचून वाईट वाटलं. पण पेपरातली जाहिरात मले परवडत नाही, मोबाईलवर दिवसाले तीनशे रुपयात लग्नसराईचं गिऱ्हाईक येते. जिनं पैठणी पाहिली तिलेच परत दाखवली तर ती दुकानात येते, सगळ्या गावाले दाखवत बसलो तर पैसे पाण्यात. मले कोणाचं नाव दिसत नाही, फक्त किती जणांनी पाहिलं तेवढंच. अन् बातमी लिहिणाऱ्याचा पगार कुठून निघते ते पण सांगा.

धरमपेठवाला:
दादा, तुमच्यावर राग नाहीच. तुम्हाले दिसत नाही, पण मधल्या कंपनीकडे पैठणी, गुडघा, कर्ज सगळं एकाच खात्यात जमा होते, त्याचीच भीती आहे. 2017 मधे सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी प्रायव्हसी मूलभूत हक्क म्हणून मान्य केला, त्यात आपल्या नागपूरचे बोबडे साहेबही होते.

सक्करदऱ्याची ताई:
इन्कॉग्निटोवर, म्हणजे ब्राउझरच्या खासगी विंडोवर, विसंबू नका, त्यात फक्त आपल्या फोनवरची हिस्ट्री राहत नाही, वेबसाइटला तुम्ही दिसताच. कुकी अडवली तरी स्क्रीनचा साइज, फॉन्ट, टाइमझोन जोडून ब्राउझर ओळखतात, त्याला फिंगरप्रिंटिंग म्हणतात. म्हणून ब्राउझरमध्ये ब्लॉकरसारखी दहा एक्स्टेन्शन (जोड-प्रोग्रॅम) भरू नका, त्यानं उलट तुम्ही गर्दीत वेगळे दिसता. एकच चांगला ब्लॉकर पुरे. क्रोमवर आता जुना युब्लॉक चालत नाही, त्याचा हलका प्रकार युब्लॉक ओरिजिन लाइट चालतो, तो जरा कमी अडवतो.

इतवारी साडीवाला:
ते ठीक आहे ताई, पण सगळ्यांनी लावलं तर दिवाळीच्या सीझनले मी काय करू?

धरमपेठवाला:
इतवारी, महाल, सक्करदरा एवढाच एरिया निवडा अन् लग्नाच्या, साड्यांच्या पानांवरच जाहिरात लावा, त्याले कोणाचा माग काढायची गरज नाही. दोन आठवडे दोन्ही पद्धती चालवून गिऱ्हाईक मोजा, रविवारी मी येऊन लावून देतो. ज्या वेबसाइट आवडतात तिथं ब्लॉकर बंद ठेवीन, पैसेही भरीन. आईच्या फोनवरचा मात्र काढणार नाही.