मदत हवी आहे: पांढऱ्या फुलांचं झुडूप – इक्झोरा की पापट?

झुडूप दीड मीटरचं, सदाहरित. कोकणात देवराईच्या कडेला, सावलीत, जांभ्याच्या मातीत. पानं समोरासमोर, १२ ते १५ सेंमी. मे महिन्यात फांदीच्या टोकाला पांढऱ्या फुलांचा झुबका, पाकळ्या ४, फुलाची नळी १५ मिमीच्या आसपास. समोरासमोरच्या दोन देठांमध्ये त्रिकोणी उपपर्ण (देठाच्या बुडाशी असणारं छोटं पानासारखं अंग) आहे, त्यामुळे कुल रुबिएसी (कॉफीचं कुल) यात शंका नाही. ओळखतक्ता (लक्षणांवरून नाव शोधायचा तक्ता) दोनदा लावला; एकदा इक्झोरा आलं, एकदा पॅव्हेटा, म्हणजे पापटाची प्रजाती. कुक्षी (स्त्रीकेसराचं टोक) दुभंगलेली दिसत नाही. पानांवर काळे ठिपके आहेत, ते रोगाचे समजून सोडून दिले. नमुन्यावर प्रजाती (जीनस) कोणती लिहावी?

प्रतिसाद १

ठिपके सोडू नका, तिथेच उत्तर असण्याची शक्यता आहे. कोवळं पान उन्हाकडे धरून बघा. बुरशीचा डाग बहुधा मध्ये वाळतो आणि भोवती पिवळी कड धरतो. पॅव्हेटाच्या पानात जिवाणूंच्या गाठी असतात. त्या पानाच्या आतच तयार होतात, किंचित फुगीर लागतात आणि निरोगी, कोवळ्या पानातही दिसतात. इक्झोरात अशा गाठी नसतात. मात्र पॅव्हेटाच्या सगळ्याच जातींत त्या सापडत नाहीत, म्हणून गाठी नसल्या तर त्यावरून काहीच ठरवता येत नाही.

कुक्षीवृंत (कुक्षीचा दांडा) नळीच्या तोंडापासून मोजा. इक्झोरात तो जेमतेम काही मिमी बाहेर येतो. पापटात (पॅव्हेटा इंडिका) जवळजवळ नळीइतकाच लांब बाहेर लोंबतो, म्हणून अख्खा झुबका टाचण्या टोचल्यासारखा दिसतो.

प्रतिसाद २

वरच्या मापाला जोड देतो, कारण नेमकी चूक इथे होते. दोन्ही प्रजातींत कळी उमलण्याआधीच पराग कुक्षीवृंताच्या टोकावर सांडतात. इक्झोराच्या कुक्षीचे दोन भाग तेव्हा मिटलेले असतात आणि नंतर उघडतात. ताज्या फुलात बघितलं तर कुक्षी अखंडच वाटणार. झुबक्यातलं सर्वांत जुनं, परागकोश सुकलेलं फूल घ्या आणि १० पट भिंगाखाली बघा. दोन भाग बाहेर वळलेले असतील तर इक्झोरा. तिथेही टोक सलग, किंचित जाड असेल तर पॅव्हेटा.

पानाच्या देठाचा बुंधाही तपासा. इक्झोरात तिथे सांधा असतो. फुलं नसताना याचाही आधार होतो.

धागाकर्ता

जुन्या फुलातही टोक सलग आहे. कुक्षीवृंत नळीबाहेर १४ मिमी. कोवळ्या पानातही गाठी आहेत, पिवळी कड नाही. पण जुन्या यादीत याच भागातून ‘इक्झोरा पॅव्हेटा’ नोंदलेलं आहे. ते हेच का?

प्रतिसाद २

तुमचं झुडूप पॅव्हेटाच. नावाचा घोळ मात्र खरा आहे. अँड्र्यूज या वनस्पतितज्ज्ञाने वर्णन केलेला इक्झोरा पॅव्हेटा हा खराखुरा इक्झोरा आहे: छोटा वृक्ष, फुलं बरीच लहान. याच्या ओल्या फांद्याही चांगल्या पेटतात म्हणून मशालीला वापरत. इक्झोरा आर्बोरिया आणि इक्झोरा पार्व्हिफ्लोरा ही त्याचीच जुनी नावं. पण रॉक्सबर्ग या दुसऱ्या वनस्पतितज्ज्ञाने ‘इक्झोरा पॅव्हेटा’ हेच नाव पापटाला लावलं होतं. म्हणून जुन्या यादीत नावापुढे कर्ता (नाव देणारा) कोण लिहिलाय ते बघितल्याशिवाय ती नोंद धरू नका.

लिनिअसने १७५३ साली दोन्ही प्रजाती वेगळ्याच मांडल्या होत्या. पुढे त्या दीर्घकाळ एकाच गटात नांदल्या. जनुकीय अभ्यासानंतर इक्झोरी आणि पॅव्हेटी असे दोन निराळे गट झाले. फुलं इतकी सारखी असूनही नातं तितकं जवळचं नाही.

प्रतिसाद १

जात (स्पीशीज) लिहिण्याची घाई नको. नमुन्यावर आज ‘पॅव्हेटा’ एवढंच लिहा. ४–५ फुलं आणि कळ्या ७० टक्के स्पिरिटमध्ये ठेवा, कारण दाबलेल्या फुलात कुक्षी चिकटून मोजता येत नाही. फळं धरली की पुन्हा फांदी आणा. निदलपुंजाचे (फुलाच्या बाहेरच्या हिरव्या वेटोळ्याचे) दात आणि पानांची लव मोजून टिपली की जातीपर्यंत जाता येईल.