अंतर्गत बदलीसाठी मॅनेजर उमेदवार कसा निवडतात?

टेस्टर_पुणे: मी पुण्यातील एका आयटी सेवा कंपनीत ऑटोमेशन टेस्टिंग करते. कंपनीतीलच क्लाउडच्या टीममध्ये जाण्यासाठी अर्ज केला, तांत्रिक मुलाखतही चांगली झाली, तरी माझ्यापेक्षा कमी अनुभवाच्या सहकाऱ्याची निवड झाली. समोरचा मॅनेजर नेमके काय पाहतो, हे निवड करणाऱ्यांपैकी कोणी सांगेल का?

डिलिव्हरीवाला: अशा निवडी मी करतो, म्हणून स्पष्टच लिहितो. सेवा कंपनीत सर्वांत आधी उमेदवार कधी मोकळा होणार, हे पाहिले जाते. क्लायंटला पुढच्या महिन्यात माणूस हवा असेल आणि तुमची टीम केटी (तुमचे काम दुसऱ्याला समजावून सोपवणे) पूर्ण झाल्याशिवाय तुम्हाला सोडणार नसेल, तर बेंचवरचा, म्हणजे सध्या प्रोजेक्ट नसलेला, थोडा कच्चा उमेदवारही पुढे सरकतो. आरएमजीचाही (कोणाला कोणत्या प्रोजेक्टवर द्यायचे हे पाहणाऱ्या विभागाचाही) आग्रह तोच असतो, कारण बेंचवरच्या माणसाचा पगार चालू असतो आणि बिलिंग शून्य. त्यातच क्लायंटने द्यायचा दर बहुधा आधीच ठरलेला असल्यामुळे वरच्या बँडचा (पगारश्रेणीचा) माणूस घेतला की प्रोजेक्टचा नफा घटतो. तुमचा जास्तीचा अनुभवच आडवा आला असण्याची शक्यता मला दाट वाटते (कागदावर हे कोणी मान्य करणार नाही).

बंगळूरकर: प्रॉडक्ट कंपनीत चित्र थोडे वेगळे असते. आमच्याकडे कोड रिव्ह्यू (सहकाऱ्यांनी कोड तपासून दिलेले शेरे आणि त्यांवरची उत्तरे) कंपनीतील इतर टीमनाही वाचता येतात, त्यामुळे मुलाखतीआधीच मी उमेदवाराचे जुने रिव्ह्यू उघडून बसतो. कोणी चूक दाखवल्यावर त्याने कोड सुधारला की चार दिवस वाद घातला, हे तासाभराच्या मुलाखतीत कळत नाही. अप्रेझल मात्र सगळीकडेच पाहिले जाते. ॲमेझॉनमध्ये ‘फोकस’ या, कामगिरी कमी पडते असे ठरवलेल्यांच्या यादीत नाव गेलेल्यांची अंतर्गत बदली अडते, असे २०२१ साली अमेरिकी वृत्तपत्रांत आले होते.

टेस्टर_पुणे: मग सध्याच्या मॅनेजरना अर्जाआधीच सांगावे का? ते नाराज होतील, अशी भीती वाटते.

डिलिव्हरीवाला: सांगा, कारण आम्ही त्यांना फोन करतोच. “काम उत्तम आहे, पण मार्चपर्यंत सोडता येणार नाही,” एवढे ऐकले की मी पुढच्या नावाकडे वळतो. त्यापेक्षा तुमचे काम सांभाळू शकेल असा सहकारी आधी तयार करा, रिलीजची (टीममधून मोकळे होण्याची) तारीख मॅनेजरकडून ईमेलवर घ्या आणि पुढच्या अर्जात ती सर्वांत वर लिहा.