मदत हवी आहे: नऊ वर्षांच्या कुत्रीच्या मांडीवरची गाठ मास्ट सेल निघाली, ऑपरेशन करावं का?

भुरी आमची लॅब-मिक्स, वय नऊ, वजन जरा जास्तच. तिच्या छातीवर एक मऊ गाठ बरीच वर्षं आहे, बोटाने ढकलली की कातडीखाली सरकते. ती सुई घालून तपासली होती. चरबीची निघाली, लायपोमा. तिला हात लावायचा नाही असं ठरलं, ते योग्यच होतं. पण तेव्हापासून घरात 'भुरीला गाठी येतातच' हे सगळ्यांनी धरून टाकलं. मागच्या मांडीवर नवी गाठ लागली तेव्हा कुणाला विशेष वाटलं नाही.

हाताला ही गाठही तशीच मऊ, पण कधी फुगायची, कधी उतरायची. भुरीने चाटलं-खाजवलं की भोवतीची कातडी लाल व्हायची. हे कमी-जास्त होणं ऐकल्याबरोबर डॉक्टरांनी तिथल्या तिथे सुई टाकली. भूल लागली नाही, भुरी फारशी कुरकुरलीही नाही. रिपोर्ट आला, मास्ट सेल ट्यूमर, म्हणजे कातडीतल्या मास्ट पेशींचा कॅन्सर.

डॉक्टर म्हणाले, या पेशींत हिस्टामिन (सूज-खाज आणणारं रसायन) भरलेलं असतं, गाठ दाबली-चोळली की ते सुटतं आणि सूज येते. म्हणून गाठ चाचपणं बंद. (घरी येणारा प्रत्येक जण 'बघू कुठेय' म्हणत हात घालतो, त्याचं काय करायचं ते कुणी सांगत नाही.) आता रक्ततपासणी, जवळच्या लिम्फ नोडमधून सुईने नमुना आणि यकृत-प्लीहा बघायला पोटाची सोनोग्राफी. सगळं ठीक असलं तर ऑपरेशन. गाठीच्या चहूबाजूंनी साधारण 2 सेंटिमीटर चांगली कातडी आणि खालचा एक पदर काढावा लागेल म्हणतात. म्हणजे गाठ एवढीशी आणि जखम मोठी.

बाबांचा ठाम विरोध आहे. 'खातेय, पितेय, बॉलमागे धावतेय, या वयात कशाला चिरफाड? आणि सुई लागली की पसरतं.' मला ते पटत नाही, पण भुलेची धास्ती मलाही आहेच. या वयात भूल दिलेल्यांचा अनुभव हवा आहे. गाठ पूर्ण निघाली नाही तर पुढे काय करतात? आणि रिपोर्टची वाट बघताना तुम्ही झोपलात कसे, तेही सांगा.

प्रतिसाद
वय बघून भूल नाकारत नाहीत. किडनी, लिव्हर, हृदय कसं आहे ते बघून ठरवतात, रक्ततपासणी त्याचसाठी. आमच्या म्हाताऱ्या बॉक्सरचं याच गाठीचं ऑपरेशन झालं, संध्याकाळी घरी आला. बाबांना सांगा, त्वचेवरच्या गाठीत सुईमुळे पसरणं अगदी दुर्मीळ. न काढता ठेवली तर ती कशी वागेल याची मात्र खात्री कुणीच देत नाही.

तोपर्यंत शीवर लक्ष ठेवा. हिस्टामिनमुळे पोटात आम्ल वाढतं, अल्सर होऊ शकतो. शी डांबरासारखी काळी झाली किंवा उलट्या लागल्या तर त्याच दिवशी फोन करा. अँटिहिस्टामिन आणि आम्लाची गोळी द्यायची का, किती, हे डॉक्टरांनाच विचारा. माणसांच्या दुखण्यावरच्या गोळ्या अजिबात नकोत, आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटामॉल तर मुळीच नाही.

झोपेचं म्हणाल तर आम्ही झोपलो नाही. कुत्रा झोपला.

प्रतिसाद
सुईच्या रिपोर्टवरून ग्रेडचं, म्हणजे गाठ किती आक्रमक आहे याचं, नक्की सांगता येत नाही. काढलेली अख्खी गाठ लॅबला जाऊ द्या आणि कडा तपासायला आधीच सांगून ठेवा. ग्रेड कमी आणि कडा स्वच्छ असतील तर बहुतेक वेळा पुढे काहीच लागत नाही. कडेला पेशी राहिल्या तर पुन्हा थोडं काढतात किंवा रेडिएशन देतात. ग्रेड वरची असेल तर केमो. कुत्र्यांमध्ये डोस बेताचा ठेवतात, चांगलं जगता यावं हा हेतू असतो, आणि बहुतेकांचे केस गळत नाहीत.

मांडीवर कातडी कमी, त्यामुळे टाक्यांवर ताण येतो. टाके निघेपर्यंत, म्हणजे दहा-चौदा दिवस, जिने आणि उड्या बंद. चाटू नये म्हणून गळ्यात घातलेला कोन दया येऊन काढू नका. एका रात्रीत टाके उसवतात.

मूळ प्रश्नकर्ती
दोघांचेही आभार. बाबांना वाचून दाखवलं. 'तपासण्या होऊ देत, मग बघू' इथपर्यंत आलेत, म्हणजे आमच्याकडे हा होकारच. आणखी एक विचारते. त्याच भुलेत छातीवरची चरबीची गाठही काढून घ्यावी का?

प्रतिसाद
चालताना पाय घासत नसेल तर राहू द्या, उगाच दुसरी जखम कशाला. पण ती वाढली किंवा घट्ट लागायला लागली असेल तर पुन्हा सुई टाकून घ्या, जुन्या रिपोर्टवर विसंबू नका. आणि कागदावर भुरीचं चित्र काढून प्रत्येक गाठीची जागा, तारीख आणि मिलिमीटरमध्ये माप लिहीत जा. एकदा मास्ट सेल झालेल्या कुत्र्याला दुसरीकडे नवी होऊ शकते. नवी गाठ मटाराएवढी झाली किंवा महिनाभर टिकली तर हाताने अंदाज न बांधता थेट सुई.