दिवाळीच्या भेटी १५,००० रुपयांत कशा बसवाव्यात?

प्रश्न: कोथरूडला राहतो. यंदा दिवाळीच्या देण्याघेण्यासाठी १५,००० रुपये काढलेत. तीन बहिणींची भाऊबीज, घरकामाच्या मावशींचा बोनस (पगार ३,०००), सोसायटीचे दोन वॉचमन, झाडूवाल्या ताई, कचरा नेणारे काका, शिवाय शेजारी-सहकारी मिळून दहा घरं. या दहांना सुक्या मेव्याचे डबे द्यायचेत. मेळ कसा घालू?

प्रतिसाद १: आधी बोनस बाजूला काढा, डबे शेवटी. मावशींना एक पगार, ३,०००. सोसायटीतल्या चौघांना ५०० प्रमाणे २,०००. १,५०० राखीव, ऐनवेळी एखादं घर वाढतंच. उरले ८,५००. बहिणींना १,५०० प्रमाणे ४,५००, म्हणजे डब्यांना ४,०००, घरटी ४००. बोनस वसुबारसेच्या आठवडाभर आधी द्या. लक्ष्मीपूजनाला पैसे हातात पडले तर त्यांच्या घरची खरेदी कधी व्हायची? आणि बोनसऐवजी मिठाई नको. ती द्यायची तर वरून.

प्रतिसाद २: ४०० मध्ये खोकं आणि पिशवीही धरा, त्यांचे ७०-८० गेले तर मेव्याला ३२० उरतात. तयार डब्यापेक्षा सुटा मेवा घ्या, खोकी रविवार पेठेत, बोहरी आळीत बघा. पण दहाही खोकी एकदम उचलू नका. एकच आणा, कप्पे भरा, वजन करा. खोकं मोठं निघालं की डबा अर्धा रिकामा दिसतो, मग भर घालता घालता हिशेब कोलमडतो. बहुतेकांचं इथेच चुकतं.

काजू डब्ल्यू २४० ऐवजी डब्ल्यू ३२० घ्या. हा आकडा म्हणजे एका पौंडात, साधारण ४५४ ग्रॅममध्ये, बसणारे नग. आकडा मोठा तितका काजू लहान आणि स्वस्त. चवीत फरक नाही. पाकळी आणखी स्वस्त, पण ती घरच्या शिऱ्याला ठीक. मनुका वेगळ्या पुडीत बांधा, नाहीतर त्यांचा ओलावा लागून काजू मऊ पडतात.

प्रतिसाद ३: मिठाई घेणार असाल तर रिकामं खोकं काट्यावर ठेवून आधी वजन शून्य करायला सांगा. ८०० रुपये किलोच्या पेढ्यांत खोकं १०० ग्रॅम भरलं, तर ८० रुपये पुठ्ठ्याचे गेले. सुट्या मिठाईच्या ट्रेवर कधीपर्यंत खावी ती तारीख लावणं १ ऑक्टोबर २०२० पासून बंधनकारक आहे, ती वाचा. खव्याची मिठाई द्यायच्या आदल्या दिवशीच घ्या.

प्रश्नकर्ता: राखीव १,५०० भाऊबीजेपर्यंत उरले तर बहिणींच्या ओवाळणीत घालू का?

प्रतिसाद १: लगेच नको. तुळशीच्या लग्नापर्यंत येणं-जाणं चालू असतं, तोवर मोडू नका.